बाप कोणाला म्हणायचे?

वल्हांडणाचा सण आटोपला, यात्रेकरूंचे तांडे गालीलाच्या वाटेला लागले आणि दिवसभर चालून झाल्यावर योसेफ व मरिया यांच्या ध्यानात आले, की आपला बारा वर्षांचा मुलगा बरोबर नाही. दोघे उलट पावली यरुशलेमेला गेले. तिसऱ्या दिवशी पोरगा सापडला तो मंदिरात, गुरुजनांच्या घोळक्यात बसून त्यांना प्रश्न विचारताना. आई रागावली. तुझा बाप आणि मी कासावीस होऊन तुला शोधतोय, असे तिने सुनावले. मुलाचे उत्तर असे, की शोधायचे कशाला, मी माझ्या पित्याच्याच कामात असणार हे तुम्हाला ठाऊक नव्हते काय?

लूकच्या शुभवर्तमानातला, येशूच्या बालपणीचा हा प्रसंग. आईच्या बोलण्यातला बाप म्हणजे नासरेथचा योसेफ, मुलाच्या बोलण्यातला बाप म्हणजे देव. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच आहे: ‘पतेर’. मुलगा काय म्हणाला ते आईबापांना कळले नाही, अशी नोंदही लूक लगेच करून ठेवतो.

न कळणाऱ्यांत ते दोघेच नव्हते. नव्या करारात ‘पतेर’ चारशेहून अधिक वेळा येतो आणि त्याच्या अर्थावरून धर्मपरिषदा भरल्या, पंथ दुभंगले, भाषांतरकार अडले. देवाला पिता म्हणण्याचे प्रमाणही सगळीकडे सारखे नाही. चार शुभवर्तमानांत सर्वांत आधीचे मानले जाते ते मार्कचे. त्यात देवासाठी हा शब्द जेमतेम चार वेळा येतो. मत्तयात चाळीसहून अधिक वेळा. सर्वांत शेवटच्या मानल्या जाणाऱ्या योहानात शंभरी ओलांडते. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी हा शब्द उत्तरोत्तर अधिक जवळ केला, एवढे या आकड्यांवरून दिसते. तो शब्द काय सांगत होता, हे मात्र आकड्यांवरून कळत नाही.

संस्कृतचा सख्खा नातेवाईक

मराठी वाचकाला ‘पतेर’ परका वाटायचे कारण नाही. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’, फारसी ‘पिदर’, इंग्रजी ‘फादर’ ही सगळी एकाच आद्य शब्दाची लेकरे. साम्य किती खोलवर जाते पाहा. ग्रीकमध्ये ‘पतेर’ म्हणताना आघात शेवटच्या अवयवावर पडतो. पण बापाला हाक मारायची झाली, की तो आघात उडी मारून पहिल्या अवयवावर येतो. वैदिक संस्कृतातही ‘पिता’ हे संबोधन झाले, की नेमके हेच घडते.

या भाषांचे नाते सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडले, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या दोनशे वर्षे आधी गोव्यात एका जेझुइटाला त्याची चाहूल लागली होती, हे तितकेसे माहीत नसते. हा जेझुइट म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रजाने १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते, असे नमूद केले. त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले.

व्युत्पत्ती मोहात पाडते. ‘पतेर’ हा शब्द पोषण किंवा रक्षण करणे या अर्थाच्या मुळापासून आला, म्हणून देव पिता म्हणजे पोषणकर्ता आणि रक्षणकर्ता, असे अनेक प्रवचनांत ऐकू येते. डब्ल्यू. ई. व्हाइन यांच्या इंग्रजी बायबल-शब्दकोशात हीच व्युत्पत्ती दिली आहे आणि तो कोश जगभरच्या प्रवचनकारांच्या हाताशी असतो. आपल्याकडे निरुक्तकार यास्कांनीही पित्याचे नाते ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूशी जोडले होते. आजचे बरेच भाषाशास्त्रज्ञ मात्र तान्ह्या मुलाच्या तोंडच्या ‘पा’ला नातेवाचक प्रत्यय लागून शब्द घडला असावा, असे मानतात. शिवाय मूळ काहीही असो, पहिल्या शतकातला गालीलचा कोळी किंवा करिंथचा व्यापारी ‘पतेर’ म्हणताना धातू आठवत नव्हता. स्कॉटिश अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ साली बायबलच्या अर्थविचारावर लिहिलेल्या ग्रंथात हाच इशारा दिला: शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मकुंडलीत शोधू नका, वापरात शोधा.

एका शब्दाचे अनेक संसार

वापर पाहिला तर ‘पतेर’ची ऐसपैस व्याप्ती दिसते. जब्दी हा याकोब आणि योहान यांचा ‘पतेर’, म्हणजे जन्मदाता. अब्राहाम यहुद्यांचा ‘पतेर’, म्हणजे मूळपुरुष. अनेकवचनात तोच शब्द वाडवडिलांसाठी येतो. यरुशलेमेच्या न्यायसभेपुढे उभा राहिलेला स्तेफन श्रोत्यांना भाऊ आणि ‘पतेर’ म्हणतो तेव्हा तो फक्त वडीलधाऱ्यांचा मान राखत असतो.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर मोशेला जन्मल्यावर तीन महिने त्याच्या ‘पतेरां’नी लपवून ठेवले, असा उल्लेख आहे. मोशेला बाप एकच होता. इथे अर्थ आहे आई आणि बाप, दोघेही. संस्कृतात ‘पितरौ’ म्हटले की आईवडील असा अर्थ होतो, हे आठवले तर ग्रीक वाक्य लगेच उलगडते. मराठी भाषांतरातही तिथे ‘आईबाप’ येते.

एखाद्या गोष्टीचा उगम, हा आणखी एक अर्थ. योहानाच्या शुभवर्तमानात सैतानाला लबाडीचा बाप म्हटले आहे; याकोबाच्या पत्रात देवाला ज्योतींचा पिता. गुरुशिष्याचे नातेही या शब्दात मावते. पौल करिंथकरांना बजावतो, की ख्रिस्ताच्या वाटेवर तुम्हाला दहा हजार ‘पैदागोगोस’ मिळतील, पण बाप फार नाहीत. शुभवर्तमानाने तुम्हाला जन्म दिला तो मी. ‘पैदागोगोस’ म्हणजे श्रीमंताच्या मुलाची शाळेत ने-आण करणारा, त्याच्यावर नजर ठेवणारा गुलाम. पौलाचा टोमणा करिंथात सगळ्यांना कळला असणार.

याच शब्दापासून ‘पात्रिया’ म्हणजे कुळ आणि ‘पात्रिस’ म्हणजे जन्मभूमी हे शब्द झाले. इफिसकरांस पत्रात या नात्यावर खेळ आहे: लेखक म्हणतो, की ज्या ‘पतेर’वरून स्वर्गातल्या आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक ‘पात्रिया’ला नाव मिळाले, त्याच्यापुढे मी गुडघे टेकतो. संस्कृतात ‘पितृ’पासून ‘पैतृक’ होते तसेच हे, पण भाषांतरात हा खेळ टिकवणे जिकिरीचे.

अब्बा म्हणजे ‘डॅडी’ नव्हे

येशू ग्रीकमध्ये प्रार्थना करत नव्हता. त्याची बोली अरामी. त्या बोलीतली बापाची हाक नव्या करारात जशीच्या तशी तीन ठिकाणी उरली आहे: ‘अब्बा’. मार्कने येशूच्या अटकेच्या, गेथशेमाने बागेतल्या रात्रीचे वर्णन करताना ती वापरली, आणि पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत. तिन्ही ठिकाणी तिच्या शेजारी ग्रीक ‘पतेर’ बसवलेला आहे. रोम आणि गलतिया इथल्या ग्रीकभाषक ख्रिस्ती मंडळींपर्यंत ही परकी हाक पोहोचली होती आणि ती भाषांतरित करून टाकून द्यावी असे त्यांना वाटले नाही, हे लक्षणीय आहे.

विसाव्या शतकात या हाकेभोवती एक लोकप्रिय समज तयार झाला. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी ‘अब्बा’चा उगम लहान मुलांच्या बोबड्या बोलांत आहे असे दाखवले आणि देवाला इतक्या सलगीने हाक मारणे ही येशूची खासियत होती, असे मांडले. व्यासपीठांवर त्याचे सुटसुटीत रूप झाले: अब्बा म्हणजे ‘डॅडी’. येरेमियास यांनी स्वतःच पुढे आपल्या आधीच्या मांडणीला मुरड घातली. १९८८ साली जेम्स बार यांनी ‘अब्बा म्हणजे डॅडी नव्हे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेखच लिहिला. ‘अब्बा’ लहान मुले म्हणत, तशीच पिकल्या केसांची मुलेही आपल्या म्हाताऱ्या बापाला म्हणत, हा त्यांचा मुद्दा.

ग्रीक भाषेतच एक पुरावा पडून आहे. ग्रीकमध्ये लाडाची हाक होती: ‘पाप्पा’. होमरच्या ‘ओडिसी’त राजकन्या नॉसिका धुणे न्यायला गाडी हवी म्हणून बापाला लाडीगोडी लावते, तेव्हा हीच हाक मारते. नव्या कराराच्या लेखकांना बोबडी सलगीच दाखवायची असती तर शब्द तयार होता. त्यांनी ‘पाप्पा’ घेतला नाही, ‘पतेर’ घेतला. घरातला, जिव्हाळ्याचा, पण मोठ्यांच्या तोंडी शोभणारा.

यहुदी परंपरेतली एक कथा या शब्दाचा सूर नेमका पकडते. तालमूदमध्ये हानान नावाच्या एका सत्पुरुषाची गोष्ट आहे. पावसाने दडी मारली की रब्बी शाळकरी पोरांना त्याच्याकडे पाठवत. पोरे त्याच्या अंगरख्याचा काठ ओढत ‘अब्बा, अब्बा, पाऊस दे’ असा गलका करत. मग हानान देवाला विनवी, की पाऊस देणारा अब्बा कोण आणि पाऊस न देणारा अब्बा कोण, एवढाही फरक ज्यांना कळत नाही, त्या या पोरांसाठी तरी पाऊस पाड.

मराठीतले ‘आबा’ आणि ‘बाबा’, कानडीतले ‘अप्पा’ हे शब्द ‘अब्बा’च्या इतके जवळ कसे, असा प्रश्न अनेकांना पडतो. उसनवारी शोधायची गरज नाही. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी दाखवले, की ओठ मिटून उघडले की निघणारे प, ब, म हे ध्वनी तान्ह्यांना आधी साधतात आणि जगभरचे आईबाप ते आपल्यालाच उद्देशून आहेत असे मानतात. उर्दूतला ‘अब्बा’ मात्र खरा आप्त आहे. तो अरबी ‘अब’शी जोडलेला आणि अरबी व अरामी भाषा एकाच सेमिटिक घराण्यातल्या.

रोमचा बाप आणि गालीलातला बाप

पहिल्या शतकातल्या वाचकाच्या कानात ‘पतेर’ शिरताना त्याबरोबर केवळ माया येत नव्हती, सत्ताही येत होती. होमरने झ्यूसला देवांचा आणि माणसांचा ‘पतेर’ म्हटले होते. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुख बापाच्या हाती मुलांच्या जगण्यामरण्याचा अधिकार होता. जन्मलेले मूल घरात ठेवायचे की टाकून द्यायचे, हे तो ठरवी. बाप जिवंत असेपर्यंत मोठ्या, लग्न झालेल्या मुलाच्याही नावावर कायद्याने मालमत्ता नसे. इसवी सनपूर्व २ साली रोमच्या सिनेटने सम्राट ऑगस्टसला ‘राष्ट्रपिता’ ही पदवी दिली. पुढे ती सम्राटांच्या नाण्यांवर झळकली. गालीलातला येशू तेव्हा लहान मूल होता.

दत्तकाची प्रथाही रोमन जगात प्रतिष्ठेची होती. स्वतः ऑगस्टस हा ज्युलियस सीझरचा मृत्युपत्राने झालेला दत्तक पुत्र. पौल रोमकरांना लिहितो, की तुम्हाला दास्याचा नव्हे तर दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, त्यामुळेच आपण ‘अब्बा’ अशी हाक मारतो. रोमच्या श्रोत्यांत गुलामही होते. ज्यांना कायद्याच्या नजरेत बापच नव्हता, त्यांना वारस म्हटले जात होते.

इथे नव्या करारातली सर्वांत धारदार गोष्ट हाती लागते. देवाला पिता म्हटल्याने पृथ्वीवरच्या बापांचे सिंहासन पक्के झाले असते, तर आश्चर्य नव्हते. शुभवर्तमानांत उलट घडते. याकोब आणि योहान बापाला मजुरांसह होडीतच सोडून निघतात. एक शिष्य आधी बापाला मूठमाती देऊ द्या म्हणतो, त्याला परवानगी मिळत नाही. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात येशू स्पष्टच सांगतो, की पृथ्वीवर कोणालाही पिता म्हणू नका, तुमचा पिता एकच आहे.

मार्कच्या दहाव्या अध्यायात दोन याद्या आहेत. माझ्यासाठी घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुले, शेतीवाडी सोडली त्याला, येशू म्हणतो, शंभरपट परत मिळेल. काय मिळेल? घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेतीवाडी. पहिल्या यादीतला एकजण दुसऱ्या यादीत नाही. बाप सोडायचा आहे, पण नव्या कुटुंबात शंभर बाप मिळणार नाहीत. ती जागा भरलेली आहे.

याचा अर्थ येशू आईबापांविरुद्ध होता, असा नव्हे. देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांना पोसायचे टाळणाऱ्या धार्मिकांवर त्याने मार्कच्या सातव्या अध्यायात कोरडे ओढले आहेत. पण बाप म्हणून कोणी मालकी सांगू लागला, तर ती मालकी त्याने काढून घेतली. ‘पतेर’ हा शब्द वर, एकाच्या हाती गेल्यामुळे खालचे सगळे भाऊबहीण ठरले.

ज्याने हाक मारली नाही

उधळ्या पुत्राचा दाखला सर्वांना माहीत आहे. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, परदेशी उधळतो, डुकरे राखायची पाळी येते, परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या या गोष्टीत ‘पतेर’ डझनभर वेळा येतो. त्यात बापाला थेट हाक कोण मारतो, हे मोजण्यासारखे आहे.

धाकटा तीनदा ‘पातेर’ (हे ‘पतेर’चे संबोधन) म्हणतो: वाटणी मागताना, डुकरांजवळ बसून परतीचे भाषण मनात जुळवताना, आणि परतल्यावर. थोरला एकदाही म्हणत नाही. तो घर सोडून गेला नाही, शेतात राबला, एकही आज्ञा मोडली नाही. पण तोंड उघडतो ते ‘हे पाहा’ म्हणून. इतकी वर्षे तुमची गुलामी करतोय, हे त्याचे म्हणणे. ग्रीक क्रियापद गुलामाच्या कामाचेच आहे. धाकट्याला तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो.

धाकट्यानेही एक सौदा आखलेला असतो. मला मुलगा नका म्हणू, मजूर म्हणून ठेवा, असे वाक्य तो वाटेत घोकतो. घरी पोहोचल्यावर ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही. बाप आधीच नोकरांना झगा, अंगठी आणि वहाणा आणायला सांगतो. एका मुलाला बापाचा मजूर व्हायचे आहे, दुसरा स्वतःला बापाचा गुलाम समजतो. दोघांच्याही मनात बाप म्हणजे मालक. गोष्टीतला बाप ते पद नाकारतो आणि थोरल्याला उत्तर देताना ‘बाळा’ म्हणून सुरुवात करतो.

लूकने येशूच्या तोंडचे पहिले शब्द दिले आहेत ते मंदिरातले, पित्याविषयीचे. क्रूसावरचे शेवटचे शब्दही ‘पातेर’ या हाकेनेच सुरू होतात. मार्क आणि मत्तय यांच्या क्रूसावर मात्र येशू आक्रोश करतो तो स्तोत्रातल्या शब्दांत. त्यात ‘माझ्या देवा’ आहे, ‘पित्या’ नाही. एकाच मरणाची ही दोन चित्रे चर्चने कापून एकसारखी केली नाहीत.

पाद्री, पोप, फादर

पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, हे वचन वाचून झाले की पुढचा प्रश्न कोणीही विचारेल: मग ‘फादर’ कसे?

प्रोटेस्टंट मंडळी हा आक्षेप कित्येक शतके घेत आहेत. कॅथलिकांचे उत्तर पौलाच्या करिंथच्या पत्राकडे बोट दाखवते: त्याने स्वतःला बाप म्हटलेच होते, आणि येशूचे बोलणे पदव्यांच्या हव्यासाविषयी होते. त्याच वेळी ‘रब्बी’ म्हणवून घेण्याचा सोसही त्याने निषिद्ध ठरवला होता.

इतिहासात काय झाले ते पाहू. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांना शिष्य ‘अब्बा’ म्हणू लागले आणि तपस्विनींना ‘अम्मा’. मठाधिपतीला इंग्रजीत ‘अ‍ॅबट’ म्हणतात, तो त्याचाच वंशज. नव्या कराराने न घेतलेला लाडका ‘पाप्पा’ही मागच्या दाराने आत आला: तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या बिशपाला ‘पापास’ म्हटले जाऊ लागले, नंतर इतरांनाही, १०७५ साली सातव्या ग्रेगरीने ही उपाधी एकट्या रोमच्या बिशपासाठी राखून ठेवल्याची घोषणा केली. ‘पोप’ हा शब्द त्यातून आला. आणि लॅटिन ‘पातेर’चे पोर्तुगीज रूप ‘पाद्रे’ जहाजांतून कोकण किनाऱ्याला लागले. मराठीतला ‘पाद्री’ तोच. ‘पिता’, ‘पाद्री’ आणि ‘फादर’ हे एकाच घरातले तीन भाऊ तीन वाटांनी महाराष्ट्रात येऊन पोहोचले. २०२० साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, तेव्हा त्यांतला एक मराठी सारस्वताच्या व्यासपीठावरही विराजमान झाला.

पिता कधीपासून पिता?

‘पतेर’वरून सर्वांत मोठा वाद पेटला तो चौथ्या शतकात. अलेक्झांड्रियातल्या एरियस नावाच्या धर्मगुरूने साधा तर्क लढवला. बाप मुलाच्या आधी असतो. म्हणजे पुत्र नव्हता असा एक टप्पा असलाच पाहिजे, आणि म्हणून पुत्र हा कितीही श्रेष्ठ असला तरी निर्मितीपैकीच. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकायाला, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद भरवली. तिने एरियसचे म्हणणे फेटाळले आणि एका सर्वसमर्थ पित्यावरील श्रद्धेने सुरू होणारा मतांगीकार मान्य केला.

पुढे परिषदेच्या बाजूने अथनेशियसने एरियसला प्रत्युत्तर दिले. देवाला निर्माता म्हणायचे तर त्याने काही निर्माण केल्यावरच ते नाव त्याला लागू पडते. पिता म्हणायचे तर पुत्राच्या नात्याने, आणि ते नाते अनादी आहे. नाझियांझसच्या ग्रेगरीने एक पायरी पुढे टाकली. पिता हे नाव देवाच्या द्रव्याचे नाही, कृतीचेही नाही. ते नात्याचे नाव आहे. हा निष्कर्ष तत्त्वज्ञानाच्या वाटेने आला, पण रोजच्या अनुभवाशी तो जुळतो. मूल झाल्याखेरीज कोणी बाप होत नाही.

देव पिता म्हणून पुरुष आहे का, हा प्रश्न आधुनिक स्त्रीवादी अभ्यासकांनी जोरकसपणे मांडला. तो नवा नाही. चौथ्या शतकात याच ग्रेगरीने, व्याकरणातले पुल्लिंग पाहून देवाला पुरुष समजणाऱ्यांची टर उडवली होती. यशयाच्या ग्रंथात देव आईसारखे सांत्वन करतो. पोप पहिले जॉन पॉल १९७८ साली तेहतीस दिवसच त्या पदावर होते, पण त्यांनी १० सप्टेंबरच्या प्रार्थनासभेत देव पिता आहे आणि त्याहूनही अधिक माता आहे, असे सांगितले. विठोबाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्रात या विधानाने कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ताला आई आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी आळवले होते.

तू की तुम्ही?

बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८११ साली मराठी नवा करार छापला, तेव्हापासून प्रत्येक मराठी भाषांतरकाराला ‘पतेर’ने पेचात टाकले आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले; ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. पंडिती भाषेतले बायबल खेड्यातल्या बायकांना कळत नाही, ही त्यांची तळमळ होती.

आज सर्वाधिक वापरात असलेल्या प्रोटेस्टंट भाषांतरात एकाच ग्रीक हाकेची तीन रूपे सापडतात. प्रभूच्या प्रार्थनेत ‘पित्या’. गेथशेमानेत ‘अब्बा’च्या जोडीला ‘बापा’. आणि उधळ्या पुत्राच्या तोंडी ‘बाबा’. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत मात्र सरळ ‘बापा’ आहे. ‘पिता’ म्हटले की अदब येते आणि अंतरही, ‘बाप’ रांगडा, रोकडा, ‘बाबा’ घरातला. ‘पतेर’मध्ये यांतले एकही वेगळे करता येत नाही, मराठीत यांतले एकही एकत्र ठेवता येत नाही.

सर्वनामाचा पेच त्याहून सूक्ष्म आहे. त्या काळच्या ग्रीकमध्ये एका माणसाला ‘सू’ म्हणत, मग तो देव असो, बाप असो वा नोकर. मराठी भाषांतरात उधळा पुत्र बापाला ‘तुम्ही’ म्हणतो आणि येशू देवाला ‘तू’. मुळात नसलेला हा भेद मराठी घरातून आला. जुन्या मराठी घरात वडिलांना अहोजाहो असे आणि देवाला अरेतुरे. पंढरीच्या वाटेवर तर ही एकेरी हाक हक्काने मारतात. ‘अब्बा’चा जो सूर पकडायला पाश्चात्त्य अभ्यासकांना एवढा खटाटोप करावा लागला, तो मराठीतल्या त्या एका ‘तू’ने सहज साधला आहे. आणि तोही आदर जराही न उणावता.

मराठी बायबल वाचणाऱ्याने यातून एक साधी सवय लावून घ्यावी. पिता, बाप, बाबा, वाडवडील, आईबाप यांपैकी कोणताही शब्द आला, तरी मुळात बहुधा ‘पतेर’च आहे असे धरून चालावे. मग शब्दकोश उघडण्याआधी हाक कोण मारतो आहे, कोणाला, आणि त्या दोघांत कोणती देणीघेणी आहेत, एवढे पाहावे.